नाटक बसूनच बघतात: व्हीलचेअरवरून रंगभूमीचं संग्रहालय कसं बघावं

“हो हो, व्हीलचेअरची सगळी सोय आहे. फक्त आत यायला दोन पायऱ्या आहेत.”

हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय की ‘फक्त’ हा शब्द कानावर पडला की पेन उचलते. चित्रांच्या, नाण्यांच्या, विमानांच्या संग्रहालयांतही हे ‘फक्त’ भेटतंच. पण रंगभूमीच्या संग्रहालयाची तऱ्हा जरा निराळी. नाट्यगृह ही मुळात लपवाछपवीची इमारत. प्रेक्षकांना दिसतो तो भाग ऐसपैस आणि देखणा, पण जादू जिथे घडते त्या जागा एक तर रंगमंचाच्या पोटात, नाहीतर छपराखाली, अरुंद लाकडी जिन्यांच्या टोकाला. त्यात काळ्या भिंती, काळी जमीन आणि मंद दिवे. चाकांना जे जे नकोसं, ते ते सगळं एका छपराखाली.

तरीही मी जाते, कारण इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. नाटक बसून बघतात. खुर्चीतल्या प्रेक्षकाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटीमीटरवर असतात आणि नेपथ्यकार सगळा देखावा त्या डोळ्यांसाठी रचतो. व्हीलचेअरवरचे आपले डोळेही जवळपास तिथेच असतात. या एका संग्रहालयात चुकीच्या उंचीवर असतात ते उभे असलेले लोक.

पुढचं सगळं टप्प्याटप्प्याने लिहिलंय. ‘पायरी-पायरीने’ म्हणायचं मुद्दाम टाळलंय.

आधी इमारत ओळखा

तिकीट काढण्याआधी, फोन करण्याही आधी, संग्रहालय कुठल्या जातीचं आहे ते बघा. ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे मोठ्या संग्रहालयातला रंगभूमीचा विभाग. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनला स्वतंत्र नाट्यसंग्रहालय होतं. ते २००७ मध्ये बंद झालं आणि २००९ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात रंगभूमीची दालनं उघडली. अशा ठिकाणी लिफ्ट, टॉयलेट, रुंद दारं यांची काळजी त्या मोठ्या संस्थेने आधीच वाहिलेली असते. आपल्याला प्रश्न असतो तो अंतराचा. प्रवेशद्वारापासून आपल्या दालनापर्यंत जाता जाताच हात भरून येतात.

दुसरा प्रकार जुन्या वाड्यातला किंवा हवेलीतला. व्हिएन्नाचं नाट्यसंग्रहालय लोबकोविट्झ घराण्याच्या राजवाड्यात आहे. टोकियोत वासेदा विद्यापीठाचं नाट्यसंग्रहालय १९२८ च्या इमारतीत आहे, आणि ती इमारत लंडनच्या एलिझाबेथकालीन फॉर्च्यून नाट्यगृहाच्या धर्तीवर बांधलेली आहे. अशा जुन्या वास्तूंत लिफ्ट असली तरी ती मागाहून, मिळेल त्या कोपऱ्यात बसवलेली असण्याची शक्यता जास्त. तिच्या मापांची चौकशी इथे सगळ्यात महत्त्वाची.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड आणि माझा सगळ्यात लाडका: नाट्यगृह हेच संग्रहालय. स्वीडनमधलं ड्रॉटनिंगहोमचं राजवाड्यातलं नाट्यगृह १७६६ चं आहे आणि त्याची लाकडी यंत्रणा अजून चालते. चेकियातल्या चेस्की क्रुमलोव्हच्या किल्ल्यातलं नाट्यगृहही त्याच काळातलं. अशा ठिकाणी सहसा एकट्याने फिरता येत नाही, मार्गदर्शकाबरोबर गटाने जावं लागतं. रंगमंचाखालचे रहाट आणि वरच्या कप्प्या बहुधा जिन्यांपलीकडे असतात. तिथे जाण्याआधी काय दिसेल आणि काय दिसणार नाही हे स्पष्ट ठरवून घ्यायचं, म्हणजे दारात जीव खट्टू होत नाही.

आपल्या खुर्चीची मापं पाठ करा

‘सोय आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. म्हणून तो प्रश्न विचारूच नका, आकडे विचारा. त्यासाठी आधी आपले आकडे माहीत हवेत. खुर्चीची एकूण रुंदी मोजताना हाताने फिरवायच्या कड्यांच्या बाहेरून मोजा, आणि त्यात दोन्ही बाजूंच्या बोटांसाठी थोडी जागा धरा. लांबी मोजताना पायाच्या अंगठ्यापासून मागच्या चाकाच्या टोकापर्यंत टेप लावा. आणि आपल्यासकट खुर्चीचं वजन. बॅटरीवरची खुर्ची एकटीच शंभर किलोच्या घरात जाऊ शकते, आणि मागाहून बसवलेल्या छोट्या उचलपट्टीची (प्लॅटफॉर्म लिफ्टची) क्षमता मर्यादित असते. हे सगळं फोनमध्ये एका चिठ्ठीत लिहून ठेवा.

मग फोन करा. मेलही करा, कारण लेखी उत्तर दारात दाखवता येतं. मी विचारते ते असं:

दारांची मोकळी रुंदी किती? चौकटीची नव्हे, दार उघडल्यावर उरते ती. ८० सेंटीमीटरच्या खाली असेल तर मी आणखी प्रश्न विचारते.

लिफ्टची आतली लांबी-रुंदी किती? ११० बाय १४० सेंटीमीटर असेल तर व्हीलचेअर आणि सोबतचा माणूस मावतो, पण आत वळता येत नाही. म्हणजे उलटं बाहेर यायचं, हे आधीच कळतं.

रस्त्यापासून टॉयलेटपर्यंत, टॉयलेटपासून शेवटच्या दालनापर्यंत कुठे एक तरी पायरी किंवा उंबरठा आहे का? इथे ‘फक्त’ ऐकू येईल. उंची विचारा. रॅम्पचं साधं गणित १:१२ चं आहे. १५ सेंटीमीटर चढायला १८० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो, आणि दोन पायऱ्यांचे ३० सेंटीमीटर असतील तर साडेतीन मीटरहून जास्त. ‘आमच्याकडे घडीचा रॅम्प आहे’ असं सांगितलं आणि तो मीटरभराचा निघाला, तर ती घसरगुंडी आहे.

टॉयलेटचं दार आत उघडतं की बाहेर? आणि तिथे सध्या झाडू-बादल्या ठेवलेल्या नाहीत ना? हा दुसरा प्रश्न विचारल्यावर पलीकडे जी शांतता पसरते तीच उत्तर असते.

ज्या भागात मला येता येणार नाही, त्याची फिल्म, छायाचित्रं किंवा प्रतिकृती बघायला मिळेल का? आधी विचारलं तर पुष्कळदा कुणीतरी शोधून ठेवतं. दारात विचारलं तर खांदे उडवतं.

सोबत येणाऱ्या व्यक्तीला तिकीट पडतं का, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी पडत नाही, पण आपणहून कुणी सांगत नाही. आणि निघण्याच्या दिवशी सकाळी एकच फोन: आज लिफ्ट चालू आहे का? एकदा मी हा फोन केला नाही. दोन तास प्रवास करून पोचले आणि लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला. तेव्हापासून हा फोन चुकलेला नाही.

कधी जावं

सकाळी उघडताच, शाळांच्या सहली नसतील त्या दिवशी. गर्दीत आपल्या डोळ्यांसमोर लोकांच्या पाठी येतात, बाकी काही नाही. आणखी दोन गोष्टी खास रंगभूमीच्या. कापड उजेडाने विटतं, म्हणून जुने पोशाख थोडे महिनेच मांडतात आणि मग पेटीत विसावा देतात. एखादा विशिष्ट पोशाख बघायला जात असाल तर तो सध्या बाहेर आहे का ते विचारा. दुसरं, चालत्या नाट्यगृहाला जोडलेल्या संग्रहालयात तालमींमुळे काही भाग बंद राहतो. मिलानच्या ला स्काला संग्रहालयातून सज्जात जाऊन प्रेक्षागृह बघता येतं, पण तालीम नसेल तेव्हाच.

पिशवीत काय

छोटी दुर्बीण. नाटकाला नेतात तसली, खिशात मावणारी. रंगीत छत, झुंबर, वरच्या रांगेतली चित्रं, लांबच्या चौथऱ्यावरची पाटी, सगळं तिने जवळ येतं. मान वर करून बघायला त्रास होत असेल तर हातात धरायचा आरसा घ्या आणि छत मांडीवर बघा. हातमोजे आणि एक शाल. कपड्यांच्या दालनांत हवा थंडसर ठेवतात, आणि चालणाऱ्यांपेक्षा बसणाऱ्याला ती लवकर बोचते. स्वतःचे इयरफोन नक्की घ्या. ध्वनिमार्गदर्शकाचं यंत्र कानाला धरून ऐकायचं असतं, आणि आपले दोन्ही हात चाकांवर. गळ्यात अडकवायची दोरी मागा, नाहीतर ते मांडीवरून घसरून पहिल्याच वळणावर जमीन गाठतं.

विजेरी मात्र पोशाखांवर मारू नका, कितीही मोह झाला तरी.

मोठ्या पिशव्या बाहेर ठेवायला सांगतात. खुर्चीमागे लटकणारी पिशवी रखवालदारांना नको असते आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण वळताना ती कुठे लागते ते आपल्याला दिसत नाही. औषधं आणि कॅथेटरसारख्या लागणाऱ्या वस्तू बैठकीखाली बांधायच्या छोट्या पिशवीत ठेवा.

दारात पोचल्यावर

आपला प्रवेश बहुधा बाजूच्या दाराने असतो. घंटा दाबायची, वाट बघायची. मला याचा पूर्वी राग यायचा. नाट्यगृहात मात्र मी मागचं दार आवर्जून मागते, कारण नेपथ्याचं अवजड सामान ज्या मोठ्या दारातून आणि मालवाहू लिफ्टमधून आत जातं ती वाट रुंद आणि बिनपायऱ्यांची असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शिवाय नटमंडळी मागच्या दारानेच येतात, ही फुशारकी वेगळी.

तिकीटखिडकीवर नकाशा घेऊन त्यावर लिफ्ट, टॉयलेट आणि बसायच्या जागा खुणा करून घ्या. आग लागली तर काय करायचं हेही तिथेच विचारा. आगीत सहसा लिफ्ट वापरता येत नाही. जिन्याजवळ थांबायची सुरक्षित जागा कुठे आहे, जिन्यावरून उतरवायची खुर्ची आहे का, आणि ती चालवणारा माणूस आज कामावर आहे का. हा प्रश्न अपशकुनी वाटतो, पण विचारताना लाजू नका.

सोबत्याशीही दोन गोष्टी आत शिरण्याआधीच ठरवा. सांगितल्याशिवाय ढकलायचं नाही. उचलायची वेळ आलीच तर हाताच्या टेकूंना आणि पाय ठेवायच्या पट्ट्यांना धरायचं नाही, ते भाग निघून हातात येतात. आणि कर्मचारी त्याच्याकडे बघून माझ्याबद्दल बोलायला लागले तर त्याने चटकन दुसरीकडे बघायचं. माझी बहीण यात आता इतकी पटाईत झालीय की अशा वेळी थेट छतच न्याहाळायला लागते.

अंधार

नाजूक कापडावर साधारण ५० लक्सच, म्हणजे अगदी मंद, उजेड ठेवतात. बाहेरच्या उन्हातून आत गेलात तर पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, आणि नेमकी तिथेच काळ्या जमिनीवर काळी कड, काळा बुटका चौथरा, नाहीतर वातावरणनिर्मितीसाठी सोडलेला जाड पडदा असतो. चालणाऱ्याचा पाय अडखळतो, आपल्या पायाची पट्टी आदळते. म्हणून आत शिरल्यावर दाराच्या बाजूला थांबा, पाच मिनिटं डोळ्यांना द्या. पडदा असेल तर तो कुणाला तरी बाजूला धरायला सांगा. चाकात मखमल गुंडाळली गेली की सोडवायला दोघं लागतात.

पोशाख, मॉडेल आणि काचा

काचेच्या पेटीसमोर आपण सरळ जातो तेव्हा पायाची पट्टी आधी काचेला लागते आणि डोळे अर्धा मीटर मागेच राहतात. त्याऐवजी खुर्ची काचेला समांतर लावा आणि मान वळवून बघा, बरंच जवळ जाता येतं. वरच्या दिव्यांची तिरीप काचेत चमकत असेल तर हातभर पुढे-मागे सरका. खालून बघताना ती नको तिथे येते, पण थोड्या सरकण्याने जातेही.

आता गंमत. पुतळ्यावरचा पोशाख चौथऱ्यावर असतो. उभा माणूस गळा, भरतकाम, टोप बघतो आणि पुढे जातो. आपल्या डोळ्यांसमोर येतो घेर आणि काठ. आणि रंगभूमीचा खरा इतिहास काठात असतो. एकदा मी एका राणीच्या झग्यासमोर वीस मिनिटं बसले होते. वर सगळा झगमगाट, पण खालचा काठ दोन बोटं वेगळ्या कापडाने जोडलेला, टाके घाईचे, म्हणजे नंतरच्या प्रयोगांत कुणी उंच नटी आली असावी. पाठीमागे नाड्या ओवलेल्या दिसत होत्या, पण बाजूने बघितल्यावर त्या नुसत्या शोभेच्या निघाल्या. खरी पकड आतल्या टिचबटणांची होती. दोन प्रवेशांच्या मध्ये विंगेतल्या अंधारात झगा फाडकन उघडायचा आणि दुसरा चढवायचा, त्यासाठीची ही युक्ती. आणि बुटांच्या तळव्यांना रबर चिकटवलेलं, पावलांचा आवाज येऊ नये म्हणून. माझ्या मागून जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, “इतकं काय बघताय?” मी दाखवल्यावर तेही गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

नेपथ्याची मॉडेलं ही आपली दुसरी मेजवानी. ती पुष्कळदा १:२५ प्रमाणात असतात, म्हणजे माणूस सात सेंटीमीटरचा. मॉडेल वरून बघितलं तर बाहुलीघर दिसतं. डोळा त्याच्या जमिनीच्या किंचित वर आणि बरोबर मध्यावर आणलात की भिंती मागे सरकतात, देखाव्याला खोलपणा येतो, आणि क्षणभर पडदा उघडल्यासारखं वाटतं. मॉडेल आपल्यासाठी फार उंचावर असेल तर फोनचा कॅमेरा त्याच्या कमानीसमोर धरा आणि पडद्यावर बघा. फ्लॅश बंद ठेवून.

मध्यावरून बघण्याचा हट्ट जुन्या नाट्यगृहांतही धरा. इटलीत विचेन्झाचं ओलिम्पिको नाट्यगृह १५८५ मध्ये उघडलं. त्याच्या कमानींमागे वास्तुकार स्कामोत्झीने रचलेल्या लाकडी गल्ल्या आहेत, मागे जाताना वेगाने आक्रसत जाणाऱ्या. ठरावीक जागेवरून त्या लांबच लांब वाटतात, बाजूने बघितल्यावर फसवणूक कळते. अशा जागी ‘तुम्ही इथेच कडेला थांबा’ असं म्हणून आपल्याला कोपऱ्यात ठेवायची पद्धत असते. मध्यरेषेवर न्या म्हणावं, भले मागच्या रांगेत.

सगळ्यात वैताग आणणाऱ्या आडव्या काचपेट्या. हस्तपत्रकं, पत्रं, तिकिटं, प्रॉम्प्टरच्या वह्या त्यातच असतात, आणि काच ९०-१०० सेंटीमीटरवर असली की आपल्याला दिसतो फक्त तिचा चकाकता काठ. फोन वर धरून फोटो काढायचा आणि मोठा करून वाचायचा, हा एक उपाय. दुसऱ्या उपायाकडे शेवटी येते.

हाताळायच्या वस्तू असतील तर सोडू नका. वाऱ्याचा आवाज काढायचं यंत्र म्हणजे कॅनव्हासखाली फिरणारा पिंप, दांडा फिरवायचा. ड्रॉटनिंगहोमला गडगडाटासाठी दगड भरलेली लाकडी पेटी आहे, ती कलंडवली की मेघ गरजतात. दांडा वर गेल्यावर हात पुरत नसेल तर अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे द्या. तो वाराही चालतो. पोशाख चढवून बघायच्या कोपऱ्यात टोप, मुकुट, जाकीट घ्या. लांब झगा मात्र आऱ्यांत जातो. घ्यायचाच असेल तर घेर मांडीखाली खोचून जागेवरच बसा.

फिल्मच्या खोलीत दिवे जायच्या आधी जागा धरा. आणि ज्यांना बसून बसून जखमा होण्याची भीती आहे त्यांनी ही फिल्म सोन्यासारखी वापरावी. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे झुकून दोनेक मिनिटं भार हलवायचा असतो. इतर ठिकाणी लोक ‘बरं वाटत नाहीये का?’ म्हणून धावत येतात. अंधारात कुणी विचारत नाही. आणि पाणी प्या. टॉयलेटच्या धास्तीने दिवसभर कोरडं राहायचा वेडेपणा मी अनेक वर्षं केला.

रंगमंचावर

खऱ्या रंगमंचावर जायला मिळणार असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

उतार. पुष्कळ जुने रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेने उतरते असतात, साधारण १:२४, काही ठिकाणी त्याहून जास्त. डोळ्यांना कळत नाही, चाकांना लगेच कळतं. थांबलात की ब्रेक लावा, आणि खुर्ची आडवी ठेवा, तोंड विंगेकडे. कडेपासून आणि वादकांच्या खड्ड्यापासून दोन मीटर लांबच.

फटी. जुन्या यंत्रणेत विंगांच्या चौकटी रंगमंचाखालच्या गाड्यांवर उभ्या असतात आणि जमिनीतल्या लांब फटींमधून वर येतात. खाली एक रहाट फिरवला की सगळ्या विंगा एकदम सरकतात आणि जंगलाचा महाल होतो. ज्या फटीतून महाल येतो त्याच फटीत आपलं पुढचं छोटं चाक जातं. फट काटकोनात ओलांडायची, तिरकी कधीच नाही. शंका आली तर उलटं फिरून मोठी चाकं आधी न्यायची. मी एकदा तिरकी गेले. चाक अडकलं, खुर्ची थांबली, मी मात्र थांबले नाही. गुडघा फुटला आणि मार्गदर्शक बिचारा पांढरा पडला.

तिसरं, खालच्या आणि वरच्या मजल्याचं. गट खाली रहाट बघायला गेला की आपण वर एकटे उरतो. आधीच मार्गदर्शकाला सांगा की खाली रहाट फिरवणार असाल तर मला वर विंगेसमोर थांबू द्या. खालच्यांना दोर आणि लाकूड दिसतं, आपल्यासमोर देखावा बदलतो. नव्या नाट्यगृहात वरच्या मचाणावर जाता येत नसेल तर एखादा बार, म्हणजे पडदे-दिवे टांगायचा आडवा दांडा, खाली सोडून दाखवायची विनंती करा. तंत्रज्ञ लोकांना आपलं काम दाखवायला आवडतं, विचारणारं कुणी भेटत नाही इतकंच.

जे दिसलं नाही ते

आता त्या आडव्या काचपेटीचा दुसरा उपाय. मोठ्या नाट्यसंग्रहालयांना अभ्यासिका असते आणि मांडलेल्या वस्तूंच्या कितीतरी पट वस्तू आत कपाटांत असतात. आगाऊ वेळ घेऊन यादीतला क्रमांक कळवला की वस्तू टेबलावर आणून देतात. त्यासाठी संशोधक असावंच लागतं असं नाही. टेबलाची उंची आणि खाली गुडघ्यांसाठी मोकळी जागा किती ते विचारा. ७० सेंटीमीटरच्या आसपास मोकळं असेल तर बहुतेक खुर्च्या आत जातात. फक्त पेन्सिल न्यायची, पेन बाहेर ठेवावं लागतं.

एका संग्रहालयात प्रॉम्प्टरची एक वही दोन भेटींत मला दिसली नव्हती. काचेचा काठ तेवढा दिसला. तक्रारवहीत मी राग न दाखवता काचेची उंची आणि माझ्या डोळ्यांची उंची, असे दोन आकडे लिहून आले. तिसऱ्या भेटीआधी वेळ घेतली. स्पंजच्या उशीवर ठेवून ती वही माझ्यासमोर आली. छापील संवादांच्या बाजूला पेन्सिलीने घंटेच्या खुणा, दिव्यांचे क्रमांक, आणि एका पानावर दोनदा अधोरेखित केलेलं एकच वाक्य: ‘इथे टाळ्या येतील, थांबायचं.’